बॅरिस्टर आमदार: मुंबई विधिमंडळात आणि कोर्टात बाबासाहेब आंबेडकरांनी काय केलं?

१९३७ साली अवघ्या एका महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूने दोन निकाल लागले.

पहिला निकाल मतदारांचा. फेब्रुवारीत झालेल्या निवडणुकीत ते मुंबईतून प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. दुसरा निकाल कोर्टाचा. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने महाडच्या चवदार तळ्याचा दावा निकाली काढला. या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते आणि तो जवळपास दहा वर्षं चालला होता.

संविधानाचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. पण संविधान सभेत जाण्याआधी मुंबई प्रांताचे आमदार म्हणून आणि मुंबईचे वकील म्हणून त्यांनी जे काम केलं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कायदा कसा लिहिला जातो, तो कुठे अडतो आणि कोर्टात त्याचं काय होतं, हे त्यांनी या काळात जवळून पाहिलं.

सनद मिळाली, पण खटले कोण देणार?

अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन इथलं शिक्षण पूर्ण करून बाबासाहेब १९२३ साली मुंबईत परतले. त्याच वर्षी त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनद घेण्यासाठी लागणारे पैसेही हाताशी नव्हते. तेव्हा त्यांचे पारशी मित्र नवल भथेना मदतीला धावले.

खरी अडचण त्यानंतर आली. त्या काळी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे ओरिजिनल साइडला, बॅरिस्टरला थेट अशील घेता येत नसे. अशील आधी सॉलिसिटरकडे जायचा आणि सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला काम द्यायचा. त्यामुळे बॅरिस्टरची मिळकत सॉलिसिटर मंडळींच्या ओळखीपाळखीवर अवलंबून असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आलेल्या, घराण्याचं पाठबळ नसलेल्या तरुण बॅरिस्टरला असं काम मिळणं फार अवघड होतं.

म्हणून बाबासाहेबांनी अपिलाच्या बाजूची आणि जिल्ह्यांतल्या कोर्टांची कामं घेतली. घर चालवण्यासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ या काळात प्राचार्यही होते.

दुसरीकडे परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचं सार्वजनिक काम सुरू झालं होतं. १९२४ मध्ये तिथूनच बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या गोरगरिबांना तिथे कायद्याचा सल्लाही मिळे.

पहिला गाजलेला खटला: ‘देशाचे दुश्मन’

१९२६ मध्ये बाबासाहेबांकडे एक खटला आला आणि वकील म्हणून त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं.

ब्राह्मणेतर चळवळीतले दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत जहाल टीका होती. केशवराव जेधे हे त्याचे प्रकाशक. पुस्तकावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टाने आरोपींना शिक्षा ठोठावली.

पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चालवायला बाबासाहेब उभे राहिले. पुस्तकातली भाषा सभ्य आहे की नाही, या वादात ते अडकले नाहीत. ज्याने फिर्याद केली त्याचा मृत व्यक्तीशी इतका जवळचा संबंध आहे का, की त्याला फिर्यादीचा अधिकार मिळावा, असा कायद्याचा मुद्दा त्यांनी लावून धरला. अपिलात आरोपी सुटले.

भावनेने तापलेल्या प्रश्नातून नेमका कायद्याचा धागा वेगळा काढायचा, ही त्यांची पद्धत पुढे विधिमंडळातही दिसते.

आमदारकी कशी मिळाली?

१९१९ च्या कायद्याने प्रांतांमध्ये लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, म्हणजे कायदे कौन्सिल, वाढवण्यात आली. बरेच सदस्य निवडून येत, पण मताचा अधिकार मालमत्ता आणि कर भरणाऱ्या मोजक्या लोकांनाच होता. त्यामुळे अस्पृश्य समाजातून कुणी निवडून येण्याची शक्यता जवळपास नव्हती. या समाजाचे प्रतिनिधी सरकारच नेमत असे.

१९२६ च्या अखेरीस मुंबई सरकारने बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी यांची कौन्सिलवर नेमणूक केली. १९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब सभागृहात बसू लागले. तेव्हा त्यांचं वय ३५ वर्षं होतं.

सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या बाजूने बोलेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असे. ती अपेक्षा पहिल्याच भाषणात मोडीत निघाली.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवलं. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वर गेल्यावरच लागतो. मग ज्याच्याकडे जमिनीचा तुकडाच आहे, त्या शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, सारा का भरावा लागतो? अर्थशास्त्राच्या या अभ्यासकाने करपद्धतीच अन्यायाची आहे, असं सभागृहाला सांगितलं.

१२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी दोन आकडे पुढे केले. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८. आणि सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं, पण दारू आणि मादक पदार्थांवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. निदान जेवढं या करातून घेता, तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

या भाषणानंतर आठच दिवसांनी ते महाडमध्ये होते.

एक ठराव, एक तळं आणि दहा वर्षांचा दावा

चवदार तळ्याची गोष्ट बहुतेकांना सत्याग्रह म्हणून माहीत आहे. पण तिची सुरुवात विधिमंडळात झाली आणि शेवट कोर्टात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कौन्सिलमध्ये एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला.

हे सगळं कागदावर राहिलं. प्रत्यक्षात कुणी तळ्याकडे फिरकू शकत नव्हतं.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी अफवा गावात पसरली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. या हल्ल्याबद्दल पुढे काही जणांना शिक्षा झाली.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. त्यावर महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळं चौधऱ्यांच्या वहिवाटीतलं आणि स्पृश्यांचंच आहे, अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी फार जुनी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दोनच दिवसांत कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

आता प्रश्न अवघड होता. २५ डिसेंबरपासून हजारो लोक महाडमध्ये जमले होते आणि अनेकांची तुरुंगात जायची तयारी होती. मनाई हुकूम मोडायचा का?

बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला. आपली बाजू कायद्याची आहे, सरकार आपल्या विरोधात गेलेलं नाही आणि भांडण कोर्टात जिंकता येईल, असा त्यांचा हिशोब होता. याच परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले, पण कुणी पाण्याला हात लावला नाही. अनेकांना हा निर्णय जड गेला.

पुढचा प्रवास असा झाला:

• फेब्रुवारी १९२८: तात्पुरता मनाई हुकूम उठवण्यात आला.
• ८ जून १९३१: महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला.
• ३० जानेवारी १९३३: ठाण्याच्या कोर्टाने अपील फेटाळलं.
• १७ मार्च १९३७: मुंबई हायकोर्टाने दुसरं अपीलही फेटाळलं.

हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यापुढे सुनावणी झाली. १९२२ मध्ये अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ब्रूमफील्ड हेच.

निकाल काय होता, हे नीट समजून घ्यायला हवं. अस्पृश्यता बेकायदा आहे, असं कोर्टाने म्हटलं नाही. तेव्हा तसा कायदाच नव्हता. कोर्टाने म्हटलं ते एवढंच, की अनादी काळापासून रूढी आहे असा दावा करणाऱ्यांनी ती सिद्ध करायला हवी आणि फिर्यादींना ते जमलं नाही. तळं खाजगी असल्याचंही त्यांना दाखवता आलं नाही.

म्हणजे दहा वर्षं झगडून विजय मिळाला तो पुराव्याच्या मुद्द्यावर. दुसऱ्या एखाद्या गावात रूढी सिद्ध झाली असती, तर? या प्रश्नाचं उत्तर कोर्टाकडे नव्हतं. ते कायदा करणाऱ्यांनाच द्यावं लागणार होतं.

महार वतन बिल: स्वतःच्या समाजाच्या ‘हक्का’विरुद्ध

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी कौन्सिलमध्ये एक विधेयक मांडलं. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात, म्हणजे वतन कायद्यात, दुरुस्ती करण्यासाठी.

महार वतन म्हणजे काय? गावाच्या सीमेची राखण, सारा भरायला लोकांना बोलावणं, सरकारी टपाल पोहोचवणं, अधिकाऱ्यांच्या दिमतीला राहणं, ही कामं महारांकडे वंशपरंपरेने होती. मोबदला म्हणून थोडीशी इनाम जमीन आणि गावाकडून बलुतं मिळे. ऐकायला हा हक्क वाटतो. प्रत्यक्षात जमिनीचे वाटे पिढ्यानपिढ्या लहान होत गेले, बलुतं देणं गावाच्या मर्जीवर राहिलं, पण कामाला वेळकाळ नव्हता. बोलावणं आलं की रात्री-अपरात्री जावंच लागे. घरातला वतनदार हजर नसेल, तर दुसऱ्याला राबावं लागे.

बाबासाहेबांच्या विधेयकाचा गाभा साधा होता. ज्यांना वतन सोडायचंय त्यांना ते सोडता यावं, पण जमीन हातची जाऊ नये. त्यांनी इतरांसारखा पूर्ण सारा भरावा आणि जमीन कसावी. ज्यांना काम करायचंय त्यांची कामं आणि मोबदला नक्की असावा. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवावी.

हे विधेयक सोपं नव्हतं. सरकारला भीती होती, की महार नोकरीवरून हटले तर तीच कामं पगारी माणसांकडून करून घ्यावी लागतील आणि खर्च वाढेल. गावातल्या वरच्या वर्गांना फुकटचे राबते हात जातील याची चिंता होती. आणि खुद्द महार समाजातही वतन म्हणजे प्रतिष्ठा, असं मानणारे लोक होते. त्यांना समजावण्यासाठी बाबासाहेबांनी सभा घेतल्या, ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पाक्षिकात लेख लिहिले.

विधेयक निवड समितीकडे गेलं. तिथे त्याचं रूप इतकं पालटलं, की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतलं. १९३७ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

बाळंतपणाची रजा

जुलै १९२८ मध्ये कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात रजा आणि पैसे मिळावेत, असं विधेयक कौन्सिलसमोर होतं. गिरणीमालकांचा त्याला विरोध होता. त्यांचं म्हणणं, हा बोजा आमच्यावर का?

बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या समाजाच्या हिताचं आहे, म्हणून हा खर्च मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मान्य केलं. पण मालक बायकांना कामावर ठेवतात ते त्यांना त्यातून फायदा होतो म्हणून. मग त्या फायद्याचा काही भाग त्यांनी द्यायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात मॅटर्निटी बेनिफिट कायदा लागू झाला.

र. धों. कर्वे यांचा खटला

१९३४ मध्ये बाबासाहेबांनी असा एक खटला चालवला, ज्याच्या जवळपास जायला फार कमी वकील तयार झाले असते.

महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत. संततिनियमन आणि कामविज्ञान हे त्याचे विषय. वाचक आपल्या खाजगी शंका विचारत आणि कर्वे मोकळेपणाने उत्तरं देत. अशाच काही उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. याआधीच्या एका खटल्यात त्यांना दंड झालेला होता.

बाबासाहेबांची बाजू अशी होती: लोकांना लैंगिक आरोग्याबद्दल प्रश्न पडत असतील, तर जाणकाराने उत्तर देणं हा गुन्हा कसा? त्या विषयावरचं सगळंच लिखाण अश्लील मानायचं का? कोर्टाला हे पटलं नाही. कर्वे दोषी ठरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला.

बाबासाहेब खटला हरले, पण विषय त्यांनी सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने उपाय करावेत, असा ठराव त्यांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी पडला. कुटुंब नियोजन हा सरकारी कार्यक्रम व्हायला अजून बरीच वर्षं होती.

१९३७: मतदारांसमोर

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना अधिक अधिकार मिळाले आणि मुंबईत १७५ जागांची विधानसभा आली. पुणे करारानुसार दलितांसाठी राखीव जागा ठेवण्यात आल्या. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, मजूर होता. पक्षाच्या कार्यक्रमात कूळ, शेतमजूर आणि गिरणी कामगार यांचे प्रश्न होते.

बाबासाहेब मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर एक लोकप्रिय नाव दिलं: पी. बाळू, म्हणजे पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज स्वतः चर्मकार समाजातला होता आणि त्याची कीर्ती साऱ्या देशात होती. लढत अटीतटीची झाली. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

स्वतंत्र मजूर पक्षाने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. सत्तेवर मात्र काँग्रेस आली आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. आता बाबासाहेब नेमलेले सदस्य राहिले नव्हते. ते निवडून आलेल्या पक्षाचे नेते होते आणि विरोधी बाकांवर होते.

खोतीविरुद्ध विधेयक आणि मोर्चा

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. तो गावाचा सारा सरकारला भरायचा आणि कुळांकडून धान्याच्या रूपात कितीतरी जास्त वसूल करायचा. कसणाऱ्याचा जमिनीवर पक्का हक्क नसे. वरून वेठबिगार आणि नजराणे असत. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांतल्या कुळांची यातून सुटका नव्हती.

विधेयकात तीन गोष्टी होत्या. खोतीची पद्धत रद्द करणं, खोतांना वाजवी नुकसानभरपाई देणं आणि जो जमीन कसतो त्याला सरकारशी थेट जोडून हक्क देणं.

विधेयक पुढे सरकेना, तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत आले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा निघाला. कौन्सिल हॉल म्हणजे आज जिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे ती इमारत. या मोर्चात शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक यांच्यासह डावे कार्यकर्तेही होते आणि मोर्च्यात महारांसोबत कुणबी, आगरी कुळंही होती. शिष्टमंडळाने खेरांची भेट घेतली.

तरी विधेयक पास झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये झाला.

संपाचा हक्क

१९३८ मध्ये खेर सरकारने औद्योगिक कलहांबद्दलचं विधेयक आणलं. कामगार आणि मालक यांच्यातलं भांडण आधी समेटाच्या प्रक्रियेतून जायला हवं, ती पूर्ण व्हायच्या आत केलेला संप बेकायदा आणि त्याला शिक्षा, असं त्याचं स्वरूप होतं.

१५ सप्टेंबरला बाबासाहेबांनी केलेलं भाषण हे वकील आणि आमदार एकाच माणसात असले की काय होतं, याचा उत्तम नमुना आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा:

• कामावर न जाणं म्हणजे फार तर नोकरीचा करार मोडणं. करार मोडणं हा दिवाणी मामला आहे. त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते, तुरुंगात टाकता येत नाही.
• इच्छा नसताना शिक्षेच्या धाकाने काम करायला लावणं म्हणजे गुलामीच.
• म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे.

या विधेयकाला कामगारांचं नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा म्हणायला हवं, असंही त्यांनी सुनावलं.

सभागृहात काँग्रेसचं बहुमत होतं आणि विधेयक पास होणार हे उघड होतं. मग लढाई रस्त्यावर आली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या गिरणी कामगार संघटना यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर आले. पोलिसांनी गोळीबारही केला. कायदा मात्र झालाच.

मग हाती काय लागलं?

विधेयकांचा हिशोब मांडला, तर चित्र फारसं उत्साहाचं दिसत नाही. वतन बिल मागे घ्यावं लागलं. खोती बिल अडकलं. संततिनियमनाचा ठराव पडला. कामगारांना जाचक वाटणारा कायदा थांबला नाही.

पण दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर खोती, वतनं, कुटुंब नियोजन या तिन्ही विषयांवर पुढे सरकारनेच पावलं टाकली. बाबासाहेबांनी ते प्रश्न बरीच वर्षं आधी सभागृहात मांडून ठेवले होते. सत्तेत नसलेला आमदार एवढं करू शकतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या पदरात पडली, ती म्हणजे अनुभव. ठराव झाला तरी नगरपालिका तो मोडते. कायदा नसेल तर कोर्ट रूढीचा पुरावा मागतं. निवड समितीत विधेयकाचा आत्मा हरवू शकतो. हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विधानसभेचं काम थंडावलं. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून दिल्लीला गेले.

आज आमदाराला वकिली करता येते का?

हो, येते. पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. आमदार-खासदारांनाही पगार मिळतो, मग त्यांना बंदी का नाही, असा प्रश्न विचारणारी याचिका सुप्रीम कोर्टात आली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. लोकप्रतिनिधी हे कुणाचे नोकर नाहीत, त्यामुळे हा नियम त्यांना लागू होत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

महाडपासून कलम १५ पर्यंत

१९४६ मध्ये संविधान सभेची निवड झाली, ती प्रांतांच्या विधानसभांमधून. ज्या मुंबई विधानसभेत बाबासाहेबांनी काम केलं होतं, तिथून ते निवडून येऊ शकले नाहीत. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने ते बंगालमधून गेले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर १९४७ च्या जुलैत मुंबई विधानसभेनेच त्यांना संविधान सभेत पाठवलं.

संविधानाचं कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं, हे शाळेत शिकवलं जातं. त्याच्या थोडं आधीचं कलम १५ (२) वाचलं, तर त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादी सापडते. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या अशा जागा वापरायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारावर कुणालाही आडकाठी करता येणार नाही, असं ते कलम सांगतं.

बोले ठरावात जवळपास हेच शब्द होते. पण ठरावाला नगरपालिका जुमानत नव्हती आणि कोर्ट म्हणत होतं, आधी रूढी सिद्ध करा. कलम १५ (२) आल्यानंतर रूढी कितीही जुनी असली, तरी ती दाखवून कुणाला सार्वजनिक तळ्यापासून अडवण्याची सोय उरली नाही.